मालवाहू फौजी गाडी घेताना: आधी ॲक्सल, मग चिलखत

संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेसाठी आमच्या गल्लीतला एक मुलगा रजेवर आला होता. आता तो कॅप्टन आहे. लहानपणी मी सुट्टीवर आलो की त्याला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडायचो. पण वर्दीतला माणूस म्हटला की माझ्या तोंडून 'साहेब'च येतं, आणि तो मला 'काका' म्हणतो. नव्या मालवाहू ट्रकमध्ये काय काय असावं याची यादी करणाऱ्या मंडळींना जुन्या चालकांचं म्हणणं गोळा करून द्यायचं काम त्याच्याकडे आलं होतं. म्हणाला, "काका, तुम्ही अठ्ठावीस वर्षं एएससीत (फौजेच्या रसद-वाहतूक दलात) काढली. चिलखत किती मागायचं? पैसा मोजकाच आहे, आणि पोरांच्या जिवाचा प्रश्न आहे."

दोन संध्याकाळी आम्ही पुतण्याच्या गॅरेजवर बसून बोललो. जे सांगितलं ते इथे नीट लिहून काढतोय. गाड्यांची मागणी लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला, पोलीस खात्यातल्या खरेदीवाल्याला, आणि एमआयडीसीत फॅब्रिकेशन करणाऱ्या आपल्या सोलापूरच्या पोरांना, कुणालाही उपयोगी पडावं.

पहिलं काम: गाडी काट्यावर घाला

कुठलीही गाडी बघायला गेलात की माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि गाडी वजनकाट्यावर न्या. हैदराबाद रोडवर मालाच्या गाड्या जशा काट्यावर चढतात, तशीच. पण पूर्ण गाडीचं एकच वजन घेऊ नका. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. एकदा रिकामी, एकदा भरलेली, एकदा चिलखत चढवून भरलेली. सहा आकडे होतात. या सहा आकड्यांवरून गाडीची लायकी जितकी कळते तितकी रंगीत पुस्तिकेवरून कळत नाही.

त्याचं कारण असं. एक चौरस मीटर पोलादी पत्रा एक मिलिमीटर जाड असेल तर तो ७.८५ किलो भरतो. रायफलची गोळी अडवायला चांगलं कडक चिलखती पोलाद साडेसहा मिलिमीटरच्या आसपास लागतं. म्हणजे चौरस मीटरला ५१ किलो. ट्रकच्या केबिनची दारं, तळ, पाठ, पुढचा भाग आणि छत धरून आठ चौरस मीटर झाकायचं म्हटलं तरी ४०० किलो झाले. गोळीरोधक काच चाळीस मिलिमीटरच्या घरात जाते, तिचे चौरस मीटरला नव्वद-शंभर किलो. समोरची आणि दोन्ही बाजूंची मिळून दीड चौरस मीटर धरली की अजून दीडशे. वर चौकटी, बिजागऱ्या, बोल्ट, खास सीट. बेरीज साडेसहाशे-सातशे किलोंवर जाते.

साडेसहाशे किलो म्हणजे जुनी मारुती ८०० अख्खी. ती तुम्ही केबिनमध्ये कोंबली. आणि आपले बहुतेक फौजी ट्रक असे की केबिन इंजिनाच्या वर, पुढच्या चाकांच्या डोक्यावर. म्हणजे हे सगळं ओझं पुढच्या ॲक्सलवर. स्प्रिंगचे पाटे बसतात, स्टिअरिंग जड होतं, पुढचे टायर झिजतात, आणि उतारावर ब्रेक तापतो. श्रीनगर-लेह रस्त्यावरची जोजिला खिंड ३५२८ मीटरवर आहे. तिथून सोनमर्गकडे भरलेली गाडी उतरवताना ब्रेकचा जळका वास नाकात आला की जी भीती वाटते, ती शत्रूची नसते. त्या रस्त्यावर गोळीपेक्षा दरीनं जास्त गाड्या खाल्ल्या असं आम्ही जुने चालक एकमेकांना सांगायचो, आणि ते उगाच नव्हतं.

म्हणून माझं पहिलं सांगणं: पैसे थोडे असतील तर आधी मजबूत पुढचा ॲक्सल, मोठे ब्रेक, दमदार पाटे आणि इंजिनात राखीव ताकद विकत घ्या. चिलखत नंतरही चढवता येतं. ॲक्सल नंतर बदलायचा म्हणजे नवी गाडीच घेतल्यासारखं.

दाराची गोष्ट

हे मी अनुभवातून बोलतोय. कारगिलच्या नंतरची वर्षं. काश्मीरमध्ये आमच्या गाड्यांना चिलखत नव्हतं, आणि वाटेत गोळीबार व्हायचा. तेव्हा एका ठिकाणी चांगल्या हेतूनंच ठरलं की दारांना आतून सहा मिलिमीटरचा साधा लोखंडी पत्रा वेल्डिंग करून टाकायचा. काम दोन दिवसांत झालं. आम्हाला बरंही वाटलं. दार लावलं की तिजोरीसारखा आवाज यायचा.

महिन्याभरात पावसात एका वळणावर माझ्या पुढची गाडी कडेच्या नाल्यात गेली आणि डाव्या कुशीवर झोपली. उजवं दार आभाळाकडे. आतला चालक बीडकडचा, चांगला अंगापिंडानं. पण मूळ दार अधिक पन्नास किलोचा पत्रा, तेही वरच्या दिशेनं उचलायचं, आणि एक खांदा निखळलेला. त्याला दार उघडेना. डिझेल ठिबकत होतं, त्याचा वास येत होता. आम्ही फावड्यानं समोरची काच फोडली आणि त्याला ओढून काढला. गळ्याचं हाड मोडलं, जीव वाचला.

नंतर तोच पत्रा कापून फायरिंग रेंजवर लावला. पन्नास मीटरवरून एके-४७ रायफलची गोळी मारली. पुढून बोट जाईल एवढं भोक, आणि मागून लोखंड फुलासारखं फाटून बाहेर आलेलं. त्या पाकळ्यांना हात लावला तर बोट कापलं. म्हणजे ज्या पत्र्यानं माणसाला आत कोंडलं, त्यानं गोळी अडवलीच नसती. उलट त्याचेच कपचे आतल्या माणसाच्या अंगात गेले असते.

यातून खरेदीसाठी तीन मागण्या निघतात. चिलखती पोलादच हवं, त्याच्या प्रत्येक बॅचच्या गोळीबार चाचणीच्या दाखल्यासकट. पोलादाच्या आतून कपचे झेलणारं अस्तर हवं; ते अरामिड नावाच्या चिवट धाग्याच्या कापडाचे थरावर थर दाबून करतात, आपल्या चादरीसारखंच ताणा-बाणा विणलेलं. आणि गाडी कुशीवर पडलेली असताना एका हातानं उघडेल असं दार किंवा छताला झडप हवी. ही तिसरी मागणी लोक विसरतात.

कुठला धोका, कुठला रस्ता

साहेबानं विचारलं, "मग कुठली पातळी मागायची?" मी म्हटलं, आधी रस्त्याचं नाव सांगा.

गोळी, तोफगोळ्याचे तुकडे, चाकाखालचा सुरुंग आणि रस्त्यात पुरलेला मोठा स्फोट हे चार वेगळे धोके आहेत, चारींची किंमत वेगळी. नाटो देशांचं 'स्टॅनॅग ४५६९' नावाचं मोजमाप जगभर वापरतात. त्यात गोळीची पहिली पातळी म्हणजे तीस मीटरवरून रायफलची साधी गोळी. दुसरी पातळी म्हणजे तेवढ्याच अंतरावरून एकेची चिलखतभेदी गोळी. सुरुंगाच्या पातळ्या वेगळ्या: दुसरीत सहा किलो स्फोटक, तिसरीत आठ, चौथीत दहा. आणि प्रत्येकीचे दोन भाग, 'ए' म्हणजे चाकाखाली फुटलेला, 'बी' म्हणजे गाडीच्या पोटाखाली. विकणारा "लेव्हल टू आहे" एवढंच म्हणाला तर थांबवा. गोळीची की सुरुंगाची? सुरुंगाची असेल तर चाकाखालची की पोटाखालची? 'ए'वाली गाडी 'बी'च्या भावात कुणी घेऊ नये.

आणि या मोजमापाच्या पलीकडेही धोका असतो, हे मान्य करूनच पुढे जावं. १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनाला, गडचिरोलीत कुरखेड्याजवळ सुरुंगस्फोटात आपले १५ पोलीस जवान आणि एक चालक गेले. ते खासगी गाडीत होते, साध्या पत्र्याच्या. ती बातमी ऐकल्यावर मी दिवसभर जेवलो नाही. पण त्याच्या आदल्या वर्षी, मार्च २०१८ मध्ये, छत्तीसगडमधल्या सुकमा जिल्ह्यात सीआरपीएफचे ९ जवान गेले, ते सुरुंगरोधक गाडीतच होते. स्फोटक गाडीच्या ताकदीपेक्षा जास्त होतं. फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात ७८ गाड्यांच्या ताफ्यातल्या एका बसला स्फोटकांनी भरलेली गाडी येऊन भिडली, ४० जवान गेले.

या तिन्ही घटना एकत्र ठेवून बघा. चिलखत नसेल तर छोटा स्फोटही माणूस नेतो. चिलखत असेल तर स्फोटक वाढवणारा वाढवतो. म्हणून रस्ता मोकळा करणाऱ्या तुकड्या, दोन गाड्यांमधलं अंतर, वेळ बदलत राहणं, आणि गरज पडली तर गाडी सोडून पायी जाणं, हे सगळं सुरक्षेच्या हिशेबात धरावं लागतं. नव्व्याण्णव साली द्रासच्या पट्ट्यात वरून शत्रूची नजर होती, तर आम्ही रात्री दिवे बंद करून गाड्या काढल्या. त्याला एक रुपया लागला नव्हता.

मागणी लिहिताना सगळ्या गाड्यांची रस्त्याप्रमाणे तीन ढिगांत वाटणी करा. रेल्वे स्टेशन ते डेपो फिरणारी गाडी, जिला आयुष्यात गोळीचा आवाज ऐकू येणार नाही. कधीमधी वाईट भागातून जाणारी. आणि रोज वाईट रस्त्यावरच असणारी. पहिल्या ढिगातल्या गाडीला चिलखत घालणं म्हणजे तिसऱ्या ढिगातल्या पोराच्या अंगावरचं काढून घेणं.

पाया सगळ्यांना, किट काहींना

अमेरिकेनं हे फार महाग शिकून घेतलं. २००४ च्या डिसेंबरात कुवेतमध्ये एका सैनिकानं त्यांच्या संरक्षणमंत्र्यांना तोंडावर विचारलं होतं, की आम्हाला गाड्यांसाठी भंगारातून लोखंड का शोधावं लागतं? आमच्या दाराच्या पत्र्याची गोष्ट तीच. पुढे त्यांनी घाईघाईनं सुरुंगरोधक गाड्या हजारोंनी घेतल्या, एकेक पाच ते दहा लाख डॉलरच्या घरात. त्या गाड्यांनी जीव वाचवले, यात शंका नाही. पण अफगाणिस्तानच्या अरुंद डोंगरी वाटांवर त्या उंच, जड गाड्या उलटायला लागल्या आणि तिथल्यासाठी वेगळी, आटोपशीर गाडी करावी लागली.

मालवाहू ट्रकसाठी त्यांनी जी रीत बसवली ती मला पटते. गाडी कारखान्यातून निघतानाच तिच्यात चिलखताचा पाया असतो: दणकट ॲक्सल, केबिनचा मजबूत तळ, बोल्ट बसवायच्या जागा, वायरिंग. वरचं चिलखत वेगळं, किट म्हणून. वाईट रस्त्यावर जायचं तेव्हा चढवायचं, परतल्यावर उतरवायचं.

पैशात काय होतं बघा. आकडे फक्त हिशेबासाठी धरतो. साधी पाच टनी गाडी १०० रुपयांची. पायासकट ११२ ची. किट ४५ चं. कारखान्यातूनच पूर्ण चिलखती, तीही साध्याच चेसिसवर, १७० ची. हातात १०,००० रुपये.

सगळ्या साध्या घेतल्या तर १०० गाड्या, एका खेपेला ५०० टन, पण माणसं उघडी. सगळ्या चिलखती घेतल्या तर ५८ गाड्या. प्रत्येकीतून ७०० किलो माल कमी, म्हणून जेमतेम २५० टन. तेवढाच माल पोचवायला खेपा दुप्पट, म्हणजे तीच पोरं त्याच रस्त्यावरून दुप्पट वेळा. आणि पायावाल्या ८१ गाड्या अधिक २० किट घेतली तर ९,९७२ रुपये लागतात. किट घातलेल्या वीस गाड्या समजा प्रत्येकी तेवढाच, ७०० किलो, माल सोडतात, तरी ३९० टन माल जातो.

मी तिसऱ्याच्या बाजूचा आहे, पण एका अटीवर. किटची संख्या गाड्यांच्या टक्केवारीवरून ठरवू नका, वाईट रस्त्यावर एका वेळी किती गाड्या असतात त्यावरून ठरवा. त्या रस्त्यावर तीस गाड्या जात असतील तर तीस किट. तिथे एकही गाडी उघडी जाता कामा नये. आणि किट युनिटच्या नावावर नको, त्या रस्त्याच्या तळावर ठेवा. येणारी गाडी चढवेल, जाणारी उतरवून ठेवेल. युनिट बदललं की किट दुसऱ्या राज्यात निघून जातं आणि गोदामात गंजत पडतं.

स्वस्तात जीव वाचवणाऱ्या गोष्टी

सुरुंग फुटतो तेव्हा पोलाद तुटायच्या आधीच माणसाचा मणका आणि पायांची हाडं मोडतात, कारण तळ एकदम वर उसळतो. म्हणून सीट तळाला ठोकलेली नको. भिंतीला किंवा छताला लटकवलेली, धक्का पिणारी हवी, चार पट्ट्यांच्या बेल्टसकट. पाय ठेवायला तळापासून उचललेला पाट हवा. एवढ्याचा खर्च काचेच्या मानानं फार थोडा. ही सीट मी तिन्ही ढिगांतल्या गाड्यांना मागेन, कारण साध्या अपघातातही ती उपयोगी पडते.

केबिनमध्ये सुटं सामान नको. जॅक, पाना, जेरीकॅन, पाण्याची कॅन, सगळ्याला बाहेर पेटी. स्फोटात सुटा पाना गोळीसारखा उडतो.

केबिनची जागा बघा. जुन्या शक्तिमानला नाक होतं, चाक पुढे आणि चालक मागे. सपाट तोंडाच्या गाडीत चालक चाकाच्या बरोबर वर बसतो, आणि सुरुंगावर आधी चढतं ते पुढचंच चाक. सपाट तोंडाची गाडी वळणावर सोयीची, लांबीला कमी, हे खरं. पण सुरुंगाचाच धोका मुख्य असेल तर नाकवाली गाडी पोलाद न वाढवता चालकाला चार हात लांब ठेवते. आफ्रिकेत ऱ्होडेशियात (आताच्या झिंबाब्वेत) सत्तरच्या दशकात तर टायरमध्ये पाणी भरून, तळावर वाळूची पोती आणि कन्व्हेयरचा रबरी पट्टा टाकून सुरुंगाचा जोर कमी करायचे.

आणि एसी. यावर मी हट्टानं बोलतो, कारण कपातीत पहिली कात्री यालाच लागते. आपल्या सोलापुरात मे महिन्यात पारा ४४ ला टेकतो. अशा उन्हात जाड काचेच्या बंद केबिनमध्ये अंगावर बुलेटप्रूफ जाकीट घालून चार तास बसून बघा. चालक काच उघडणार. उघडता येत नसेल तर दार अर्धवट उघडं ठेवून चालवणार. मी माझ्या हाताखालच्या पोरांना यासाठी रागावलोय आणि मनातून मला त्यांची कीवही आली आहे. लाखांची काच त्या क्षणी शून्य झाली. एसी चैनीत धरू नका, काचेच्याच खर्चात धरा.

निविदा लिहिताना

सगळ्यात कमी दराला माल, ही पद्धत आहे आणि ती राहणार. तिला नावं ठेवून काही होत नाही. कमी दरवाला तेच देतो जे तुम्ही लिहून मागितलं. म्हणून लिखाणातच जीव ओतायला हवा. २०२० च्या संरक्षण खरेदी कार्यपद्धतीत अत्यावश्यक गुणांबरोबर वाढीव कामगिरीचे गुण मांडायची आणि त्याला दरात थोडं झुकतं माप द्यायची सोय आहे. हलकं किट, लवकर चढणारं किट, 'बी' भागातली वरची पातळी असल्या गोष्टी तिथे बसवता येतात. पण सीट, ॲक्सल, सुटकेची झडप या गोष्टी अत्यावश्यकमध्येच. तिथे तडजोड नको.

दरात पंधरा-वीस वर्षांचा खर्च मागा. गोळीरोधक काच ऊन-थंडीनं थर सुटून कडेनं दुधाळ होत जाते आणि आयुष्यात किमान एकदा बदलावी लागते. तिचा आजचा दर आजच लिहून घ्या. टायर, ब्रेकचे लायनर, डिझेल सगळं वजनाबरोबर वाढतं.

चाचणी कुणी करायची

कंपनीचा चालक गाडी मैदानावर नाचवून दाखवतो. त्याला खाली उतरवा. युनिटमधले दोन चालक बसवा, एक पाच फूट चार इंची गोरखा आणि एक सहा फुटी जाट. जाकीट, हेल्मेट, रायफल अंगावर. पाय पेडलपर्यंत पोचतात का, डोकं छताला लागतं का, काचेच्या जाड चौकटीआड आरसा झाकला जातो का ते बघा. मग घड्याळ लावून "बाहेर!" म्हणा. दोघं किती सेकंदांत बाहेर येतात ते लिहा, दारानं आणि झडपेनं, दोन्ही.

किट उतरवायला आणि चढवायला चार जवान आणि साधी पान्यांची पेटी द्या. क्रेन देऊ नका, पुढच्या चौकीवर क्रेन नसते. किती तास लागले, किती बोल्ट उरले, सगळं लिहा. बोल्ट दोन-तीनच मापांचे असावेत. दहा मापांचे असतील तर वर्षभरात निम्मे हरवतात. मग चिलखत चढवलेली, भरलेली गाडी लांब उतारावरून आणा आणि खाली उतरताच ब्रेकच्या ड्रमजवळ हात नेऊन बघा. अहिल्यानगरला डीआरडीओची वाहन संशोधन संस्था आहे, आपल्यापासून एका दिवसात जाऊन येण्यासारखी. मोजमाप तिथलं घ्या, पण चालकाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत अहवालाला जोडा.

एवढं झालं तेव्हा दुसऱ्या दिवशीचे रात्रीचे नऊ वाजले होते. घरून शेंगाचटणी आणि कडक भाकरी आली होती, ती तशीच झाकून राहिली. साहेबानं पुतण्याकडून टेप मागितला आणि दुरुस्तीला आलेल्या एका सपाट तोंडाच्या ट्रकखाली शिरला. चालकाच्या सीटच्या मध्यापासून पुढच्या चाकाच्या मध्यापर्यंत आडवं अंतर मोजलं. बाहेर येऊन वहीत लिहिलं, मग माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, वीतभर पण नाही."